पाव तासाचे पाणी

टोरांटो शहरातील पेढ्यांनी आणि कचेऱ्यांनी गजबजलेली बे स्ट्रीट दक्षिणेकडे येत येत, उंच खांबांवर उभारलेल्या गार्डिनर द्रुतगती मार्गाच्या काळोख्या सावलीखालून पार होऊन, जेथे अखेर ऑन्टारिओ सरोवराच्या पाण्याशी येऊन थांबते, तेथे फेरीबोटींचा एक धक्का आहे. आणि उन्हाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी त्या धक्क्यावर उभे राहिले, तर ज्या अनेक भाषा कानांवर पडतात त्यांत अधूनमधून मराठीही पडते. पुण्याहून, नागपुराहून, डोंबिवलीहून मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेल्या आईवडिलांना नायगाऱ्याचा धबधबा दाखवून झाला, की पुढच्या रविवारी त्यांना या बेटांवर न्यायचे, असा तिथल्या आपल्या माणसांचा शिरस्ता आहे. सॅम मॅकब्राइड, टॉमस रेनी, विल्यम इंग्लिस अशी माणसांचीच नावे धारण करणाऱ्या या बोटी जुन्या आहेत. पहिली १९३९ सालची, दुसरी १९५१ची, तिसरी १९३५ची. बोट सुटताना सारी मंडळी बेटाच्या बाजूच्या कठड्याशी दाटी करतात, आणि अर्धे पाणी ओलांडले न ओलांडले तोच कोणी तरी मागे वळून पाहतो, शेजाऱ्याला हाक मारतो, आणि हळूहळू सारी गर्दी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते; कारण ज्या शहरातून आपण आत्ताच बाहेर पडलो, ते सबंध शहर पाण्यावर ठेवल्यासारखे, एका नजरेत मावेल असे समोर आलेले असते.

रस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसाला हे शहर असे कधीच दिसत नाही. त्याला एक दर्शनी भिंत दिसते, फार तर आभाळाची एक चिंचोळी पट्टी. इमारतींची उंची, त्यांचे परस्परांशी असलेले नाते, कोणती थोरली आणि कोणती कालपरवाची, हे सारे उमगायला जे अंतर लागते, ते या पाव तासाच्या पाण्याने दिले आहे. आणि पलीकडे उतरल्यावर झाडाखाली बसून ती आकाशरेषा निवांतपणे न्याहाळता येते याचे कारण असे, की या बेटांवर खासगी मोटारीला मज्जाव आहे. उद्यानखात्याच्या आणि तशाच परवानगीच्या काही गाड्या वगळल्या, तर चालणे, सायकल आणि हातगाडी एवढीच तेथील वाहने. आता, कॅनडासारख्या मोटारींच्या देशात, देशातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या अगदी उंबरठ्याशी हे पाणी पुलावाचून कसे उरले, हा प्रश्न मला त्या दृश्याहूनही अधिक मोलाचा वाटतो. ते आपोआप उरलेले नाही. दोनशे वर्षांत ते एकदा वादळाने घडवले, अनेकदा माणसांनी राखले, आणि एकदा त्याची फार मोठी किंमत दुसऱ्याच कोणाकडून वसूल करण्यात आली.

मुळात ही बेटे नव्हतीच. शहराच्या पूर्वेस सरोवराच्या काठाने स्कारबरोचे उंच, ठिसूळ कडे मैलोगणती उभे आहेत. हिमयुगाने मागे ठेवलेली ती माती आणि वाळू. लाटांनी हे कडे खाली ढासळायचे, आणि काठाने पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहाने त्यांची वाळू वाहून नेऊन पुढे टाकायची, असे हजारो वर्षे चालले, आणि त्यातून वाळूचा एक लांब, आकड्यासारखा वळलेला दांडा सरोवरात तयार झाला. त्या दांड्याच्या कुशीत शांत पाण्याचे जे बंदर निर्माण झाले, त्याच्याच काठी पुढे टोरांटो वसले. म्हणजे शहरामुळे बेट शोभते असे जरी आज वाटत असले, तरी जन्माचा क्रम उलटा आहे. त्या वाळूने आडोसा धरला नसता, तर येथे शहर वसवण्याचे कोणाच्या मनात आले नसते.

मिसिसॉगा या मूळच्या लोकांना ही वाळूची भूमी पवित्र होती. प्रकृतीस आराम पडावा म्हणून ते येथे येत असत. १७८७ साली इंग्रज सरकारने त्यांच्याशी जमिनीचा जो व्यवहार केला, त्याच्या दस्तऐवजात इतकी संदिग्धता राहिली, की १८०५ साली तोच व्यवहार पुन्हा करावा लागला, आणि त्या दुसऱ्या खेपेस मोबदला म्हणून दहा शिलिंग नोंदवण्यात आले. ही बेटे त्या व्यवहारात कधी समाविष्टच नव्हती, असे मिसिसॉगांचे म्हणणे होते. ती तक्रार दफ्तरात पडून राहिली, पण मेली नाही. दोनशे पाच वर्षांनी, २०१० साली, कॅनडाच्या केंद्र सरकारने त्यांच्या जुन्या दाव्यांपोटी १४ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. आज हिरवळीवर चटई पसरून शहराकडे पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, हे मी सांगू शकत नाही. परंतु ज्या जमिनीवर बसून आपण पाहतो तिची कैफियत दृश्याइतकीच जुनी आहे, हे ठाऊक असणे मला आवश्यक वाटते.

अप्पर कॅनडाचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ग्रेव्हज सिमको १७९३ साली येथे आला, आणि त्याने यॉर्क या नावाने वसाहत स्थापली; टोरांटो हे नाव तिला १८३४ साली परत मिळाले. लष्करी पेशाच्या या माणसाने वाळूच्या दांड्याच्या नैर्ऋत्य टोकाकडे पाहिले तेव्हा त्याला बंदराचा बंदोबस्त दिसला, आणि त्याने त्या सपाट, बुटक्या वाळूला जिब्राल्टर पॉइंट असे भारदस्त नाव दिले. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला तीच वाळू निराळी दिसली. ती घोड्यावर बसून तेथे रपेट करीत असे, चित्रे काढीत असे, आणि तिची रोजनिशी व जलरंगातली चित्रे हीच आज त्या काळाची सर्वांत जिवंत साक्ष ठरली आहे. पलीकडे जाऊन पाहण्यात आनंद आहे, ही गोष्ट या किनाऱ्यावर पहिल्याप्रथम कागदावर उतरवणाऱ्यांत तिची गणना करावी लागेल. मात्र तिच्या चित्रांतल्या पैलतीरावर उंच असे काही असेल तर ती झाडेच होती.

त्याच जिब्राल्टर पॉइंटवर १८०८ साली दगडी दीपस्तंभ उभारण्यात आला, आणि तो आजही उभा आहे. मूळची उंची ५२ फूट. १८३२ साली ती वाढवून ८२ फूट केली, आणि जवळ जाऊन पाहिले तर जुन्या आणि नव्या दगडांतला फरक अजून ओळखू येतो. आरंभी त्यात देवमाशाचे तेल जळत असे. त्याचा पहिला राखणदार राडेलम्युलर नावाचा जर्मन गृहस्थ होता. १८१५च्या जानेवारीत तो नाहीसा झाला, यॉर्कच्या किल्ल्यावरच्या शिपायांवर खुनाचा आळ आला, खटला उभा राहिला, आणि ते निर्दोष सुटले. पुढे कितीतरी वर्षांनी, १८९३ साली, दीपस्तंभाच्या दुसऱ्या एका राखणदाराला जवळपासच्या वाळूत माणसाची काही हाडे सापडली, असे सांगतात. ती कोणाची, याचा निवाडा झाला नाही. बेटावरच्या मुलांना संध्याकाळी घरी परत आणण्यासाठी ही कथा पिढ्यान्पिढ्या उपयोगी पडली असेल, यात शंका नाही. मला मात्र त्या माणसाच्या एकाकीपणाचेच अधिक वाटते. शहराचे चारदोन दिवे पलीकडे लुकलुकताना रोज रात्री एकट्याने पाहणारा बहुधा तो पहिलाच.

शहरातून वाळूवर जमिनीवरूनही जाता येत असे. परंतु पूर्वेच्या दलदलीचा वळसा लांबचा असल्याने बंदरातून थेट पलीकडे नेणाऱ्या बोटी १८३०च्या दशकातच सुरू झाल्या होत्या. त्यांतल्या काहींची शक्ती घोड्यांची होती: बोटीवरच्या फिरत्या फळ्यांवर घोडे चालत राहायचे आणि त्यांच्या चालण्याने बाजूची चाके पाणी मागे लोटायची. कोकणातल्या खाड्यांवर तर चालवणाऱ्या तांडेलाला हा प्रकार ऐकून नवल वाटले असते. या बोटी ज्यांच्या मालकीच्या असत, तेच पलीकडे खाणावळ किंवा हॉटेल चालवीत, आणि उतारू आणि गिऱ्हाईक ही एकच व्यक्ती असे. सहलीचा हा व्यवसाय असा रस्त्याआधीच पाण्यावर जन्मला.

आणि मग १८५८चा एप्रिल आला. त्याआधीच्या काही वर्षांत वादळांनी वाळूच्या मानेशी लहानमोठ्या फटी पाडल्या होत्या, आणि त्या पुन्हा बुजतही होत्या. परंतु त्या एप्रिलात आलेल्या वादळाने तेथले एक हॉटेल पाण्यात लोटून दिले आणि अशी खिंड पाडली की ती पुन्हा बुजली नाही. पुढे तिचा खोल जलमार्ग झाला. आजही तिला ईस्टर्न गॅप म्हणतात. एका रात्रीत द्वीपकल्पाचे बेट झाले. ज्या अंतराचे आज आपण कौतुक करतो ते त्या रात्रीचे देणे आहे, आणि त्या हॉटेलवाल्याच्या कुटुंबाला ते देणे कसे वाटले असेल याची कल्पना करता येते.

१८६७ साली, म्हणजे कॅनडा हे संघराज्य झाले त्याच वर्षी, बेटे शहराच्या ताब्यात आली. शहराने त्यांचे तुकडे पाडून भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. जमीन शहराची आणि वर उभे केलेले घर रहिवाशाचे, ही विभागणी तेव्हापासूनची. पुढच्या साऱ्या दुःखाचे मूळ या एका कलमात आहे. पूर्वेच्या टोकाला वॉर्ड नावाचे कोळ्याचे कुटुंब आधीपासून राहत होते. या घरातला विल्यम हा पंधरा वर्षांचा मुलगा १८६२ साली आपल्या पाच बहिणींना घेऊन होडीतून निघाला, होडी उलटली, आणि पाचही बहिणी बुडाल्या. तो एकटा वाचला. त्या मुलाने पुढे आपले उभे आयुष्य बुडत्यांना वाचवण्यात घालवले, आणि दीडशेहून अधिक माणसे पाण्यातून काढली असे त्याच्याविषयी सांगितले जाते. बेटाचा तो भाग आज त्या कुटुंबाच्या नावाने वॉर्ड्स आयलंड म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे असा माणूस असता तर धक्क्यावर त्याची देवळी बांधली गेली असती.

पश्चिमेच्या टोकाला हॅनलन कुटुंब आले. त्यांच्यातला नेड हॅनलन शाळेला जायचे तर होडी वल्हवतच शहरात जायचा. हाच मुलगा १८८० साली लंडनच्या थेम्स नदीवर एडवर्ड ट्रिकेट या ऑस्ट्रेलियन नौकापटूला हरवून एकेरी वल्हवण्याच्या शर्यतीत जगज्जेता झाला. वडिलांच्या हॉटेलाभोवती पुढे हॅनलन्स पॉइंटचे करमणुकीचे उद्यान वाढले: पाळणे, नाच, क्रीडांगण. १९१४च्या सप्टेंबरात, ५ तारखेला, याच क्रीडांगणावर बेब रूथ नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने आपल्या व्यावसायिक बेसबॉल कारकिर्दीतला पहिला होमरन मारला. चेंडू सरोवरात पडला अशी आख्यायिका आहे. अमेरिकेच्या त्या खेळाच्या इतिहासात या बेटाला कायमची जागा मिळाली ती अशी. गर्दी इतकी वाढली की फेरी कंपनीने मोठ्या, दोन्ही बाजूंना चाके असलेल्या वाफेच्या बोटी बांधून घेतल्या. त्यांतली १९१० सालची ट्रिलियम ही १९५०च्या दशकात निवृत्त होऊन पाण्यात कुजत पडली होती, ती १९७६ साली दुरुस्त करून पुन्हा पाण्यात आणली गेली. तिला मी म्हातारी म्हणणार नाही. तिच्या वाफेचा श्वास ऐकल्यावर इतर बोटींची इंजिने फारच कोरडी वाटतात.

वॉर्ड्स आयलंडची गोष्ट याहून साधी, आणि मला अधिक प्रिय. १८९९ साली तेथे आठ बिऱ्हाडे तंबू ठोकून उन्हाळा काढायला आली; भाडे मोसमाचे दहा डॉलर. तंबू वाढत गेले, आणि १९१३ पर्यंत इतके झाले की शहराला त्यांच्यामधून रस्ते आखून द्यावे लागले. मग कोणी तंबूखाली लाकडी जमीन घातली, कोणी मागे स्वयंपाकघर जोडले, कोणी पुढे पडवी काढली. असे करता करता कापड जाऊन लाकूड आले आणि तंबूची घरे झाली. आजही त्या गल्ल्यांतून चालताना घरे इतकी लहान आणि एकमेकांना चिकटून का आहेत असा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर असे, की ती तंबूंच्या मापाची आहेत. मोटारीचे जग येण्याआधी आखलेले हे रस्ते दोन माणसे बोलत चालतील एवढ्याच रुंदीचे राहिले.

मोटारीने बेटावर चालून येण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९३५ साली पश्चिमेच्या खाडीखालून बोगदा खणण्याचे काम प्रत्यक्ष सुरू झाले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणूक होऊन मॅकेन्झी किंग यांचे केंद्र सरकार आले, आणि त्या सरकारने ते काम थांबवले. विमानतळ मात्र झाला. १९३९ साली उघडलेल्या या विमानतळासाठी हॅनलन्स पॉइंटची करमणूक आणि वस्ती उठली, आणि तिथली काही घरे उचलून, तराफ्यांवर ठेवून, पाण्यावरून पूर्वेच्या अल्गाँक्विन बेटावर नेण्यात आली. घर पाण्यावरून तरंगत चालले आहे आणि मालक होडीतून त्याच्या मागे येतो आहे, हे चित्र या साऱ्या इतिहासात मला पुन्हा पुन्हा आठवते. विमानतळाला जाणाऱ्या फेरीचा मार्ग जेमतेम १२० मीटरांचा. तरी तेथे पूल होऊ नये म्हणून शहरात केवढे रण माजले, आणि २००३ साली डेव्हिड मिलर हे महापौरपदी निवडून आले ते पूल होऊ देणार नाही या वचनावर. २०१५ साली शेवटी बोगदा झाला, पण तो पायी चालणाऱ्यांसाठी.

आता त्या किमतीविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात घरांची टंचाई झाली, तेव्हा बेटावरच्या उन्हाळी घरांत लोकांनी बारमाही राहावे असे शहरानेच उत्तेजन दिले. १९५०च्या सुमारास वॉर्ड्सपासून हॅनलन्सपर्यंत सुमारे ६३० घरे, दुकाने, हॉटेले, नाचाची दालने, चित्रपटगृहसुद्धा असे एक पुरे गाव तेथे नांदत होते. १९५३ साली महानगर पालिका निर्माण झाली. तिचे पहिले अध्यक्ष फ्रेड गार्डिनर हे मोठ्या कर्तृत्वाचे आणि मोठ्या घाईचे गृहस्थ होते. त्यांच्या नावाचा तो द्रुतगती मार्ग सरोवराच्या काठाने काढायचा ठरला, आणि त्याच्या वाटेत सनीसाइड हे शहरवासीयांचे लाडके सरोवरकाठचे करमणूकस्थान येत होते. १९५५ साली ते पाडून टाकण्यात आले. म्हणजे मोटारीने मुख्य भूमीवरचा काठ घेतला. मग लोकांना हवा खायला काठ कोठे द्यायचा? पाण्यापलीकडे मोटार नसलेली जमीन होतीच, आणि ती कायद्याने सरकारी होती. १९५६ साली बेटे महानगराकडे सोपवली गेली, आणि भाडेपट्ट्यांची मुदत संपेल तसतशी घरे ताब्यात घेऊन पाडण्याचा क्रम सुरू झाला. मॅनिटू रोड या बेटाच्या मुख्य बाजारपेठेचा आज मागमूसही नाही. जेथे वाणी आणि न्हावी होते तेथे हिरवळ आहे. काही जुनी घरे जाळण्यात आली.

उद्यानखात्याचे आयुक्त टॉमी थॉम्पसन हे या कामाचे कारभारी. त्यांच्याविषयी एकांगी लिहिणे मला न्याय्य वाटत नाही. कृपा करून हिरवळीवर चाला, अशा आशयाच्या पाट्या उद्यानांत लावणारा हा माणूस. हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी फुंकणाऱ्या रखवालदारांच्या त्या काळात ही गोष्ट क्रांतिकारक होती, आणि शहरातल्या घामट खोल्यांत राहणाऱ्या लक्षावधींना सहाशे घरांनी अडवलेला काठ मोकळा करून द्यावा, या त्यांच्या विचारात लोकहित होते हे नाकारता येत नाही. परंतु ज्या गावाने रस्त्यावर मोटार येऊ न देता दोन पिढ्या राहून दाखवले, त्या गावालाच मोटारीने गिळलेल्या काठाची भरपाई द्यावी लागली, हा अन्याय त्या हिरवळीखाली आहे, आणि रविवारची चटई पसरताना मला तो जाणवतो.

शेवटी वॉर्ड्स आणि अल्गाँक्विन या पूर्वेच्या दोन भागांत अडीचशेच्या आसपास घरे उरली. लोकांनी संघटना केली, वकील दिले, वर्षानुवर्षे न्यायालयांत तारखा केल्या, आणि हरले. २८ जुलै १९८० रोजी शेरीफच्या कचेरीची माणसे कब्जाची वॉरंटे घेऊन बोटीने बेटावर उतरली. अल्गाँक्विनच्या लाकडी पुलाशी सारे गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह आणि तान्ह्या मुलांसह, वाट अडवून उभे होते. बोलणी झाली, आणि सरकारी माणसे वॉरंट न बजावता परत गेली. त्या दिवशी कोणी हात उगारला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला, तात्पुरता कायदा झाला, आणि १९९३ साली ऑन्टारिओ प्रांताच्या कायद्याने या वस्तीला स्थैर्य मिळाले: जमिनीचे ९९ वर्षांचे भाडेपट्टे, मुदत २०९२पर्यंत, घर विकायचे तर ते विश्वस्त मंडळामार्फतच, ठरल्या किमतीत, आणि प्रतीक्षायादीतल्या माणसालाच. यादी ५०० नावांची. ज्या घराच्या खिडकीतून कॅनडातली अतिशय महागडी जमीन समोर दिसते त्या घरावर नफा कमावता येऊ नये, हे कलम लिहिणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो.

आणि आता पुन्हा त्या दृश्याकडे. वॉर्ड्सच्या तंबूंतल्या पहिल्या माणसांना पलीकडे दिसत होता तो सेंट जेम्स कॅथीड्रलचा कळस आणि नगरभवनाचा नुकताच पुरा झालेला घड्याळाचा मनोरा. १९२९ साली रॉयल यॉर्क हॉटेल उठले, आणि १९३१ साली त्याच्यामागे कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सची ३४ मजली इमारत, जी पुढची तीस वर्षे राष्ट्रकुलातली सर्वांत उंच इमारत होती. बेटावरच्या दोन पिढ्यांचे शहर म्हणजे एवढेच. मग १९६७ साली मीस व्हान डर रोहे या वास्तुविशारदाचा काळा, निर्विकार मनोरा आला. जवळून तो मला कधीच भावला नाही, पण पाण्यावरून पाहिला तेव्हा त्याच्या सरळ रेषेने साऱ्या गर्दीला कसा धीर दिला आहे ते कळले. १९७५ साली ७२ मजल्यांचे फर्स्ट कॅनेडियन प्लेस, आणि १९७६ साली ५५३ मीटर उंचीचा सीएन टॉवर. बेटवासी घरे वाचवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होते, नेमक्या त्याच दशकात समोरचे शहर आभाळात चढले, आणि बेट हे त्या शहराकडे पाहण्याचे आसन बनले. त्याच काळात या पाण्यावरून नवे उत्सवही येऊ लागले: १९६७ साली कॅरिबियन लोकांचा कॅरिबाना, आणि पुढे जगन्नाथाची रथयात्रा, जिची मिरवणूक यंग स्ट्रीटवरून निघून फेरीबोटीने सेंटर आयलंडवर जाऊ लागली. नावेतून निघालेला जगन्नाथ पाहून पंढरीच्या वाटेवर नीरा ओलांडणाऱ्या पालखीची आठवण कोणा मराठी माणसाला झाली असेल.

२०१७ साली सरोवराचे पाणी इतके चढले की बेटाचा मोठा भाग बुडाला. उद्यान जुलैच्या अखेरीपर्यंत लोकांना बंद राहिले, आणि ओंगियारा ही लहानशी बोट तेवढी रहिवाशांची ने-आण करीत होती. वाळूची पोती रचून त्यांनी घरे राखली. पाणी उतरले, पण वाळूचा प्रश्न उतरलेला नाही. ज्या वाळूने हे बेट घडवले ती आता पूर्वेकडून येत नाही. स्कारबरोचे कडे ढासळू नयेत म्हणून त्यांच्या पायथ्याशी दगड घातले गेले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या संरक्षणासाठी पूर्वेला सरोवरात भराव टाकायला सुरुवात झाली. तो भराव कशाचा? नव्या मनोऱ्यांसाठी खणलेल्या पायांच्या मातीचा, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी पाडलेल्या जुन्या घरांच्या विटांचा. आकाशरेषा जसजशी वर गेली, तसतसा भरावाचा हा दांडा पाण्यात पुढे सरकत गेला, आणि आज तो पाच किलोमीटर लांब होऊन बेटाकडे येणारी वाळू अडवून उभा आहे. जिब्राल्टर पॉइंटचा काठ त्यामुळे खचतो आहे. दांड्यावर मात्र आपोआप रान उगवले, पाणपक्ष्यांनी हजारोंनी घरटी केली, आणि लोकांनी आग्रह धरून तेथेही खासगी मोटारीला बंदी करून घेतली. कामाच्या दिवशी भरावाचे ट्रक जातात. सुटीच्या दिवशी माणसे पायी आणि सायकलने टोकापर्यंत जातात, आणि विटांच्या त्या ढिगाऱ्यावर बसून शहराकडे पाहतात. त्या उद्यानाला नाव दिले आहे टॉमी थॉम्पसन यांचे.